चार उंदरांच्या आधीची गोष्ट

बारावीला जीवशास्त्र कोणाकोणाला होतं? बरेच हात वर आलेत. म्हणजे ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञ ग्रिफिथचे चार उंदीर तुम्हाला पाठ असणार. एक मेला, दोन जगले आणि चौथा मरायला नको होता तरी मेला. पुस्तकात तो प्रयोग 'डीएनए'च्या जिन्याची पहिली पायरी म्हणून येतो. माझी तक्रार एवढीच, की फ्रेड ग्रिफिथ त्या जिन्याकडे निघालाच नव्हता. त्याच्या टेबलावर होत्या न्यूमोनियाच्या रोग्यांच्या थुंकीच्या बाटल्या.

तो लंडनमध्ये आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत होता. सरकारी नोकर. रोग्याची थुंकी आली की त्यातला न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा जंतू, कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवायचं आणि नोंद करायची. 1918-19च्या इन्फ्लुएन्झाने ब्रिटनमध्ये सुमारे 2,28,000 माणसं नेली होती, आणि त्यातली बरीचशी तापामागून आलेल्या न्यूमोनियाने. 1919मध्ये आरोग्य मंत्रालय स्थापन झालं, आणि त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समधल्या डॉक्टरांना काही प्रकारचे न्यूमोनिया सरकारला कळवणं सक्तीचं झालं. या रोगाला मृत्यूच्या फौजेचा सरदार म्हणणारे नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर त्याच डिसेंबरात ऑक्सफर्डला फुफ्फुसाच्याच दुखण्याने गेले.

औषध नव्हतं. छातीला जवसाचं पोटीस, उघडी खिडकी, चांगली शुश्रूषा आणि वाट बघणं. साधारण आठवडाभराने एक रात्र यायची; घाम फुटून ताप काही तासांत उतरला तर माणूस वाचला, नाहीतर संपलं. त्यातल्या त्यात आशा होती घोड्याच्या रक्तापासून केलेल्या सीरमची. पण एका प्रकाराचं सीरम दुसऱ्या प्रकारावर चालत नसे, म्हणून प्रकार ओळखणं महत्त्वाचं. प्रकार होते एक, दोन आणि तीन. उरलेले सगळे चौथ्या गटात ढकललेले. आपल्या सरकारी अर्जात 'इतर' असा रकाना असतो ना, तसा!

आता गंमत बघा. 1920 ते 1927 या काळातल्या नोंदी मांडल्यावर ग्रिफिथला दिसलं, की दुसरा प्रकार आधी जवळजवळ एक तृतीयांश रोग्यांत सापडत होता, तो शेवटी एक दशांशाच्याही खाली आला. 'इतर'चा रकाना मात्र फुगत चालला. त्याहून विचित्र म्हणजे एकाच रोग्याच्या थुंकीत वेगवेगळ्या दिवशी दोन, तीन, कधी चार प्रकार निघायचे. एका माणसाला इतक्या जंतूंनी वेगवेगळं गाठलं, की एकच जंतू आत बसून वेश पालटत होता? त्याला दुसरी शक्यता जास्त पटत होती. उंदीर आले ते इथे.

जंतूला साखरेच्या जातीच्या पदार्थाचं गुळगुळीत कवच असतं; त्यामुळे तो शरीरातल्या पांढऱ्या पेशींच्या हाती लागत नाही. कवच गेलं की खडबडीत, निरुपद्रवी जंतू उरतो. ग्रिफिथने दुसऱ्या प्रकारातून निघालेला जिवंत, खडबडीत जंतू घेतला. सोबत उष्णतेने मारलेला, कवचवाला तिसऱ्या प्रकारचा. यातला कोणताही एकटा टोचला तर उंदीर जगत; दोन्ही एकत्र टोचल्यावर मात्र उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात तिसऱ्या प्रकारचे जिवंत, कवचवाले जंतू निघाले. लेख 1928मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा अंदाज असा, की मेलेल्या जंतूंमधलं काहीतरी जिवंत जंतू खाद्यासारखं वापरतात आणि त्यातून कवच उभारतात. आनुवंशिकतेचं नाव नाही. तो साथींचा विचार करत होता: साथ का उठते, का ओसरते, निरुपद्रवी जंतू पुन्हा विखारी होतो का. पुस्तकातल्या चार उंदरांवर माझा राग आहे तो यासाठी. प्रश्न खोडला आणि उत्तर तेवढं ठेवलं.

माणूस भलताच बुजरा. त्याच्याबद्दल आणि त्याचा सहकारी विल्यम स्कॉट याच्याबद्दल म्हणत, की महालासारख्या प्रयोगशाळेत इतरांना जमणार नाही ते हे दोघं रॉकेलचा डबा आणि प्रायमस स्टोव्ह घेऊन करतील. (स्टोव्हला पिन मारत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे कौतुक जास्त कळेल.) एप्रिल 1941मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात दोघंही एकाच वेळी गेले. न्यूयॉर्कला एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी या संशोधकांनी मेलेल्या जंतूंमधलं ते 'काहीतरी' म्हणजे डीएनए, असं छापलं 1944मध्ये.

तोवर न्यूमोनियाच बदलला होता. 1938मध्ये 'एम अँड बी 693' नावाची जंतूंना आवरणारी सल्फा गोळी आली. बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात शंभर रोग्यांना ती दिली, शंभरांना दिली नाही. न दिलेल्यांत 27 दगावले, दिलेल्यांत 8. गोळी प्रकार विचारत नव्हती. सीरम अडगळीत गेलं आणि प्रकार ओळखण्याचं कामही मागे पडलं.

ते परत आलं लशीमुळे. आज न्यूमोकोकसचे शंभरावर प्रकार माहीत आहेत, आणि लशीत कोणते घ्यायचे हे ठरवायला पुन्हा तीच मोजणी लागते. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने केलेल्या 'न्यूमोसिल' या लशीमध्ये दहा प्रकार आहेत. ग्रिफिथच्या नोंदींतला पहिला त्यात आहे. त्याच्या उंदरांतले दुसरा आणि तिसरा नाहीत.