मागची बाजू पण बघा

हा फोटो बघा. आठ बाय दहा इंच, ब्लॅक अँड व्हाइट, आणि जरा तिरका धरला ना की काळ्या भागात कडेकडेनं चांदीसारखी झाक दिसते. मृत्युदंडाची गॅस चेंबर आहे आणि आत हिरो, फ्रेड मॅकमरे. 1944 चा पिक्चर 'डबल इन्डेम्निटी', डायरेक्टर बिली वाइल्डर. आता पिक्चर शेवटपर्यंत बघा, हा सीन कुठेच सापडणार नाही! वाइल्डरनं तो शूट केला होता, पण नंतर काढून टाकला, कारण ऑफिसच्या दारात दोन मित्र बोलतात तिथेच गोष्ट संपलीये असं त्याला वाटलं. सीन गेला, स्टिल्स, म्हणजे सेटवर काढलेले असे फोटो, राहिले.

मी हे जमवते ते त्यासाठीच.

लोकांना वाटतं हे पिक्चरच्या रिळातूनच काढलेले असतात. तसं नाहीये. सेटवर स्टिल फोटोग्राफर वेगळा असायचा, टेक झाला की तो आपला कॅमेरा घेऊन पुढे यायचा, नटांना तसंच थांबवायचा आणि मोठ्या निगेटिव्हवर फोटो काढायचा, म्हणून तर पडद्यावर झर्रकन निघून जाणारी खिडकीच्या पट्ट्यांची सावली इथे निवांत बघता येते, अगदी कोटाच्या कापडाची वीणसुद्धा दिसते. मग कॉपीज पेपरांना, थिएटरांना जायच्या, आणि काम झालं की बऱ्याचदा सरळ कचऱ्यात. जे वाचलं ते नशिबानंच.

माझी पहिली खरेदी फसली होती. चकचकीत फोटो, ओरिजिनल म्हणून घेतला आणि घरी आल्यावर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला तर कागद निळाशार चमकला. कागदात ती चमक आणणारी केमिकल्स साधारण 1950 नंतर आली, म्हणजे चाळीसच्या दशकातला कागद असा चमकायला नको. खूप वाईट वाटलं तेव्हा. पण त्या दिवसापासून आधी फोटो उलटा करून बघायची सवय लागली.

हा दुसरा बघा, मागून. स्टुडिओचा पुसट शिक्का, चिकटवलेल्या कॅप्शनचा अर्धा फाटलेला कागद, पेन्सिलनं लिहिलेला पेपरातल्या कॉलमचा आकडा. आता सुलटा करते. ह्या लाल उभ्या रेघा पेपरवाल्यांच्या, त्यांना फक्त हिरॉइनचा चेहरा छापायचा होता. रेघेच्या पलीकडे, उजव्या कोपऱ्यात, एक म्हातारा बसलाय बघा, गुडघ्यावर हॅट ठेवून.