पुरवठादारांची जोखीम: आकडे कुठून येतात आणि कुठे फसवतात

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना एफएमईएचा, म्हणजे संभाव्य बिघाड आणि त्यांचे परिणाम तपासण्याचा, तक्ता नवा नाही. प्रत्येक बिघाडाला तीव्रता, वारंवारता आणि तपासणीतून निसटण्याची शक्यता यांसाठी १ ते १० मधले तीन आकडे द्यायचे आणि गुणाकार करायचा, की झाला आरपीएन, म्हणजे जोखमीचा क्रमांक. आता १० × २ × ४ म्हणजे ८०, आणि ४ × ५ × ४ म्हणजेही ८०. एकीकडे ब्रेक निकामी, दुसरीकडे रंगावर ओरखडा. तक्त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. २०१९ मध्ये एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनांच्या संयुक्त हस्तपुस्तिकेत आरपीएनच्या जागी तीव्रतेला झुकतं माप देणारा कृती-प्राधान्याचा तक्ता आला, तो याच कारणांनी.

पुरवठादारांच्या बाबतीत असा तयार तक्ता नसतो. निकषांचे भार, म्हणजे कोणता निकष किती महत्त्वाचा, हे आपणच ठरवायचे असतात. तिथे गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली एएचपी (अॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धत कामी येते. सगळ्या निकषांना एकदम टक्के वाटण्याऐवजी दोन-दोन निकष समोरासमोर ठेवायचे: सारखेच महत्त्वाचे असतील तर १, थोडा जास्त तर ३, ठळकपणे जास्त तर ५, असं ९ पर्यंत.

समजा चाकणच्या एका कारखान्याचे तीन निकष आहेत: उत्पादनाची लाइन थांबणं, दर्जा, किमतीतली चढउतार. लाइन दर्जाच्या ३ पट, किमतीच्या ५ पट. दर्जा किमतीच्या ३ पट. हे आकडे तीन ओळी-तीन स्तंभांच्या तक्त्यात मांडा: स्वतःशी तुलना १, उलट बाजूची तुलना १/३ किंवा १/५. प्रत्येक ओळीतल्या तीन आकड्यांच्या गुणाकाराचं घनमूळ काढा आणि तिन्हींच्या बेरजेने भागा. भार येतात ०.६४, ०.२६ आणि ०.१०. एक्सेलवर पाच मिनिटांचं काम.

मग सुसंगती, म्हणजे उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते, तपासायची, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. वरच्या उदाहरणात सुसंगती गुणोत्तर ०.०३ येतं, ०.१० पर्यंत चालतं. पण लाइन दर्जाच्या ३ पट, दर्जा किमतीच्या ३ पट, आणि लाइन व किंमत मात्र सारखीच, असं कुणी म्हटलं तर ते ०.४८ वर जातं. अशा वेळी आकडे ओढूनताणून ०.१० च्या आत आणू नका. बहुधा ‘किंमत’ म्हणताना माणसाच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, कच्च्या मालाचा भाव आणि करार मोडल्याचा दंड. निकष फोडा आणि पुन्हा विचारा.

खरेदी, उत्पादन आणि दर्जा विभागाच्या प्रमुखांकडून उत्तरं आधी स्वतंत्रपणे, कागदावर घ्या. बैठकीत तोंडी विचारलंत तर मालक बोलतील तोच आकडा सगळ्यांचा होतो. एकत्र करताना भूमितीय सरासरी घ्या, म्हणजे आकड्यांचा गुणाकार करून जितके आकडे तितक्याव्या घाताचं मूळ. एकाने ३ म्हटलं, दुसऱ्याने १/३, तर साध्या सरासरीने १.६७ येतं, म्हणजे विनाकारण पहिल्याचा विजय. भूमितीय सरासरी १ येते. आणि मतं इतकी लांब असतील तर सरासरीच्या आधी त्यावर बोला. मला तर या सगळ्या खटाटोपात तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता दोन पुरवठादार घ्या. १०० पैकी गुण, जास्त म्हणजे धोका जास्त. कोल्हापूरची फाउंड्री: लाइन ८०, दर्जा ३०, किंमत ४०. भोसरीचा हीट ट्रीटमेंटवाला (धातूवर उष्णतेची प्रक्रिया करणारा): ५०, ८०, ६०. भारांनी गुणून बेरीज केली की फाउंड्री ६३ च्या आसपास, हीट ट्रीटमेंट ५९. म्हणजे आधी फाउंड्रीला पर्याय शोधा?

थांबा. लाइनचा भार ०.६४ वरून ०.५८ च्या खाली आणा, बाकीचे दोन त्याच प्रमाणात वाढवा, आणि क्रम उलटतो. एवढ्याशा फरकावर ज्याचा नंबर ठरतो, त्याला पहिला-दुसरा म्हणणं धाडसाचं. दोघांनाही वरच्या गटात ठेवा आणि पैसे कुठे लावायचे ते उपायाच्या खर्चावर ठरवा. प्रत्येक भार २० टक्के वर-खाली करून हे पाहावंच.

बेरजेचा आणखी एक दोष: एका निकषावरचा जीवघेणा धोका दुसऱ्यांवरच्या चांगल्या गुणांत बुडून जातो. पुरवठादाराचा प्रदूषण मंडळाचा परवाना संपलेला असेल, तर ते गुणांत मोजायचंच नाही. अशा अटी आधी, हो किंवा नाही म्हणून लावायच्या. त्यातून निघेल तोच तक्त्यात. फ्रेंच संशोधक बर्नार रॉय यांच्या इलेक्ट्रे या निर्णयपद्धतीत यासाठी नकाराधिकाराची सोय आहे, म्हणजे एकाच निकषावरून पर्याय बाद करता येतो, पण छोट्या कारखान्याला साधी चाळणी पुरते.

तक्ता वर्षातून एकदा करावाच. शिवाय एखाद्या भागाचा दुसरा पुरवठादार बंद झाला, की त्याच आठवड्यात त्या भागाचे लाइनचे गुण पुन्हा द्यायचे. भार तेव्हा बदलायचे नाहीत. ते धंद्याचं धोरण बदललं तरच.