स्क्रममधून सिट्काच्या रानात

रग्बीतला हा 'कलकत्ता कप' नीट पाहा. तीन मुठी, तिन्हींवर नाग आणि झाकणावर हत्ती. कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून तो घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच्यासाठी भिडतात.

२१ मार्च १९२५. एडिनबरात मरेफील्ड मैदानावरचा पहिलाच सामना. स्कॉटलंडनं इंग्लंडला १४-११ असं हरवलं, चषक मिळवला, शिवाय हंगामातले चारही सामने जिंकून ग्रँड स्लॅम पुरा केला. पुढचा ग्रँड स्लॅम थेट १९८४ मध्ये!

त्या दिवशी पुढच्या गड्यांत जॉन बॅनरमन होते. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे गडी चेंडूसाठी खांदे भिडवतात तेव्हा, मान खाली घालून रेटायचं काम. फोटोत चेहरा सापडणं मुश्कील. १९२१ ते १९२९, देशासाठी सलग ३७ सामने.

रग्बी तेव्हा हौशी खेळ, पोटाची सोय वेगळी करावी लागे. शेतीशास्त्र शिकलेले बॅनरमन १९३० मध्ये लोमंड सरोवराकाठी मॉन्ट्रोजच्या ड्यूकचे 'फॅक्टर' झाले. म्हणजे जहागिरीचे कारभारी. कुळं, कुरणं, कुंपणं, आणि झाडं.

१९४२ साली त्यांना ब्रिटनच्या वनआयोगावर घेतलं. समुद्रात जर्मन पाणबुड्या, परदेशी लाकडाची टंचाई, घरच्या रानांवर कुऱ्हाड. पहिल्या महायुद्धात हेच झालं होतं, म्हणून तर १९१९ मध्ये हा आयोग जन्माला आला. १९४३ मध्ये आयोगानं आराखडा मांडला: ५० वर्षांत ५० लाख एकर जंगल.

त्यासाठी हाताशी होतं सिट्का स्प्रूस. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं झाड. ओल्या, निकस जमिनीतही झपाट्यानं वाढणारं. टेकड्यांवर त्याच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. खाली इतका अंधार की गवतही धड उगवत नाही. त्यावर पुढे टीका झाली, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

लोमंडच्या पूर्वेला मात्र १९५३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकानिमित्त वनउद्यान झालं, लोकांना फिरायला खुलं.

बॅनरमन १९५७ पर्यंत आयोगावर होते. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतली गाणी गायचे, लिबरल पक्षाकडून निवडणुका लढवून हरायचे. संसदेच्या निवडून येणाऱ्या सभागृहात, कॉमन्समध्ये, कधीच पोचले नाहीत. १९६७ मध्ये लॉर्ड झाले, वरच्या सभागृहात बसले.

मे १९६९ मध्ये ते गेले. युद्धानंतर लावलेली सिट्का तेव्हा जेमतेम विशीत होती. तोडणीला अजून जवळपास तेवढीच वर्षं बाकी होती.