आधी वारा बघितला, मग घरं बांधली

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला दीडशेएक किलोमीटरवर, सोनोमा काउंटीच्या किनाऱ्यावर सी रँच नावाची वसाहत आहे, आणि पहिल्यांदा बघितलं की वाटतं, अरे इथे घरं आहेत कुठे? नुसतं गवत, पुढे कडा, खाली पॅसिफिक.

1960 च्या दशकात मेंढ्यांची ही जुनी रँच एका डेव्हलपरने घेतली, जवळजवळ सोळा किलोमीटरचा किनारा! कोणीही समुद्राला लागून सरळ प्लॉट पाडले असते. पण लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅल्प्रिन आधी वाऱ्याच्या मागे लागले, तो येतो कुठून, अडतो कुठे, उन्हात निवांत बसायला आडोसा कुठे मिळतो. जुन्या शेतकऱ्यांनी वारा अडवायला सायप्रसच्या झाडांच्या रांगा लावलेल्याच होत्या, आपल्या कोकणात किनाऱ्याला सुरूची बनं असतात ना तशा. मग ठरलं, घरं या रांगांच्या आडोशाला एकत्र बांधायची आणि मधलं कुरण मोकळं ठेवायचं, सगळ्यांचं मिळून.

आता या रांगांच्या आडोशाच्या एका घराचं छप्पर नीट बघा, आर्किटेक्ट जोसेफ एशरिक यांचं काम आहे. वाऱ्याने झाडांचे शेंडे तिरके छाटलेत, त्याच उतारात छप्पर खाली आलंय, आणि बाहेर आलेली वळचण नाहीच, कारण वारा आधी तिथेच धरतो. रेडवुडच्या फळ्यांना रंग दिलेला नाही, खाऱ्या हवेत त्या आपोआप करड्या होतात.

कड्यावरची ही इमारत काँडोमिनियम वन, 1965 ची, दहा घरं एकाच अंगणाभोवती. मला हीच सगळ्यात जास्त आवडते. कमी घरं म्हणजे प्रत्येकाला एकेक एकर असं आपण धरून चालतो, पण तशी विखुरली की प्रत्येक घरामागे रस्ता आला, पाइप आला, कुंपण आलं आणि माळ संपला. नंतरची बरीच घरं तशीच कुरणात पसरली, आणि तो फरक लगेच डोळ्यांना टोचतो.

अजून एक गोष्ट खरंच खटकते. एवढा जपलेला किनारा, पण बाहेरच्या लोकांना तिथे वाटच नव्हती, ती पहिल्याच नकाशात असायला हवी होती. लोक भांडले, 1972 मध्ये मतदानाने कोस्टल कमिशन, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर लक्ष ठेवणारं सरकारी मंडळ आलं, नवीन बांधकामं वर्षानुवर्षं अडकली, आणि 1980 च्या तडजोडीनंतर पायवाटांचा मार्ग मोकळा झाला. आता काउंटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून कोणीही चालत समुद्रापर्यंत जाऊ शकतं.