गुडघे टेकून

[दृश्य: टीव्ही स्टुडिओ, समोर बसलेले श्रोते]

एप्रिल २०१०. ऑस्ट्रेलियातल्या एबीसी वाहिनीवर चर्चेचा कार्यक्रम सुरू आहे. पाहुणे आहेत विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट. तरुणपणी कॅथलिक धर्मगुरू व्हायचं म्हणून सिडनीतल्या मॅनलीच्या सेमिनरीत त्यांनी काही वर्षं काढली होती. श्रोत्यांतून त्यांना प्रश्न येतो: आश्रय मागायला येणाऱ्या लोकांच्या बाबतीत येशूने काय केलं असतं?

अ‍ॅबट उत्तर टाळत नाहीत. येशूने सगळ्यांनाच होकार दिला नव्हता, असं ते म्हणतात. मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलून लावणाराही येशूच होता, याची आठवण करून देतात. प्रत्येक गोष्टीची एक जागा असते हे येशूला ठाऊक होतं, आणि ऑस्ट्रेलिया ही काही प्रत्येकाची जागा नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष.

ज्यांचे चौरंग उलथले गेले ते व्यापारी देवाच्या दारात नफा कमावत होते. जीव मुठीत धरून समुद्र ओलांडणाऱ्यांच्या संदर्भात त्यांची आठवण कशी काय होऊ शकते, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

पण ही गोष्ट एकट्या अ‍ॅबट यांची नाही. होड्यांनी येणाऱ्या आश्रयार्थींचा प्रश्न ज्यांनी हाताळला, त्यांतले ऑस्ट्रेलियाचे कितीतरी नेते श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि ते उघडपणे सांगतही होते. त्यांच्या धर्मग्रंथात परक्याविषयी संदिग्धता फार थोडी आहे. तुमच्यात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसरात (इजिप्तमध्ये) परके होता, असं लेवीय सांगतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर बाळ येशूच हेरोद राजापासून वाचवण्यासाठी रातोरात सीमेपार नेला जातो.

[दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत, बंदरात उतरणारे निर्वासित]

निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार लागू व्हायला सहा देशांची मान्यता लागत होती. सहावा देश होता ऑस्ट्रेलिया, जानेवारी १९५४ मध्ये. म्हणजे हा करार जिवंत झाला तो ऑस्ट्रेलियाच्या सहीने.

याच देशाने १९९२ मध्ये, मजूर पक्षाच्या काळात, व्हिसाशिवाय होडीने येणाऱ्यांना सक्तीने स्थानबद्ध करण्याचा कायदा केला. ऑगस्ट २००१ मध्ये 'टॅम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडणाऱ्या होडीतून ४३३ जणांना वाचवलं. त्यांत बहुतेक अफगाण होते. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी जहाजाला किनारा नाकारला, त्यावर सशस्त्र कमांडो उतरवले, आणि वाचलेल्यांतल्या बहुतेकांना नाऊरू या चिमुकल्या बेटावर धाडलं. देशात कोण येईल आणि कोणत्या परिस्थितीत येईल हे आम्ही ठरवू, असं सांगत त्यांनी नोव्हेंबरची निवडणूक जिंकली. पुढच्या सगळ्या नेत्यांनी हा धडा नीट लक्षात ठेवला.

[दृश्य: ब्रिस्बेन, चर्चच्या पायऱ्या]

आता केव्हिन रड यांच्याकडे वळू. त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबावं लागेल, कारण श्रद्धा आणि सत्ता यांच्यातली ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसते ती त्यांच्यात.

ऑक्टोबर २००६. मजूर पक्षाचे रड विरोधी बाकांवर आहेत. एका मासिकात ते राजकारणातल्या श्रद्धेविषयी मोठा निबंध लिहितात. त्यांचा आदर्श आहे डीट्रिख बोनहोफर: हिटलरला विरोध करणारा, ज्यूंना पळून जायला मदत करणारा आणि एप्रिल १९४५ मध्ये फाशी गेलेला जर्मन पाद्री. चर्चने सत्तेसमोर दुबळ्यांच्या बाजूने बोललं पाहिजे, ही त्या निबंधाची भूमिका. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या, बायबलच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला देऊन रड म्हणतात की दारात आलेल्या असहाय परक्याची काळजी घेणं ही ख्रिस्ती माणसाची जबाबदारी आहे. नाऊरूसारख्या बेटांवर माणसं पाठवण्याचं धोरण आणि होडीने येणाऱ्यांसाठी देशाची मुख्य भूमीच स्थलांतर क्षेत्रातून, म्हणजे जिथे पोचल्यावर व्हिसासाठी अर्ज करता येतो त्या हद्दीतून, वगळण्याचा प्रस्ताव, यांबद्दल सर्व ख्रिस्ती चर्चना गंभीर नैतिक चिंता वाटली पाहिजे, असंही ते लिहितात.

डिसेंबर २००७ मध्ये रड पंतप्रधान झाले. फेब्रुवारी २००८ मध्ये नाऊरूचं स्थानबद्धता केंद्र रिकामं केलं गेलं. लिहिलेलं त्यांनी करून दाखवलं होतं, आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

मग होड्या वाढल्या. श्रीलंकेतलं यादवी युद्ध शेवटच्या, रक्तरंजित टप्प्यात होतं, अफगाणिस्तान पेटलेलं होतं. त्याचबरोबर इंडोनेशियातल्या तस्करांनीही वाट मोकळी झाल्याचं हेरलं. जून २०१० मध्ये स्वपक्षीयच रड यांना पायउतार करायला निघाले, तेव्हा त्या रात्री पत्रकारांसमोर ते म्हणाले की आश्रयार्थींच्या प्रश्नावर हे सरकार उजवीकडे झुकणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचं पद गेलं.

[दृश्य: ख्रिसमस बेटाचे खडक, आदळणाऱ्या लाटा]

डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटाच्या खडकांवर एक होडी फुटली. किनाऱ्यावरचे लोक दोर आणि जीवरक्षक जाकिटं फेकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सुमारे ५० जण बुडाले. त्या काही वर्षांत या वाटेवर हजाराहून अधिक माणसं समुद्रात गेली. म्हणून 'होड्या थांबवणं म्हणजे जीव वाचवणं' हा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. तो मनापासून मांडणारे लोक होते, आणि बुडालेल्या मुलांचा हिशेब सीमा खुली ठेवा म्हणणाऱ्यांनाही द्यावा लागतो. माझा आक्षेप त्यापुढचा आहे. समुद्रात अजून न उतरलेल्या माणसाला घाबरवण्यासाठी, किनाऱ्याला लागलेल्या माणसाचं आयुष्य वर्षानुवर्षं नासवायचं, असा तो उपाय होता. बेटावरच्या हालअपेष्टा हीच जाहिरात होती. त्या कमी झाल्या असत्या, तर धोरणाची धारच गेली असती.

रड यांच्या जागी आलेल्या ज्युलिया गिलार्ड यांनी आपण देव मानत नसल्याचं उघड सांगितलं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये नाऊरू आणि पापुआ न्यू गिनीतलं मानूस ही केंद्रं पुन्हा उघडण्याचा निर्णय त्यांच्या सरकारने घेतला. मे २०१३ मध्ये मुख्य भूमी स्थलांतर क्षेत्रातून वगळणारा कायदाही मंजूर झाला. ज्या प्रस्तावावर २००६ मध्ये रड यांनी चर्चना जागं व्हायला सांगितलं होतं, तोच हा प्रस्ताव, आता त्यांच्याच पक्षाने कायद्यात आणलेला. तेव्हा या कठोरपणाला धर्मच जबाबदार आहे असं कुणी म्हणत असेल, तर ते खरं नाही.

[दृश्य: लाम्पेदुसा बेट, समुद्रात सोडलेला पुष्पहार]

जुलै २०१३. पोप फ्रान्सिस रोमबाहेरच्या आपल्या पहिल्या दौऱ्यासाठी लाम्पेदुसा हे इटलीचं बेट निवडतात. आफ्रिकेतून येणाऱ्या होड्या इथेच लागतात. बुडालेल्यांसाठी ते समुद्रात पुष्पहार सोडतात आणि जगभर पसरलेल्या बेपर्वाईबद्दल बोलतात. तारीख ८ जुलै.

त्यानंतर ११ दिवसांनी, १९ जुलैला, ब्रिस्बेनमध्ये पुन्हा पंतप्रधान झालेले केव्हिन रड पापुआ न्यू गिनीच्या पंतप्रधानांसोबत उभे राहतात आणि जाहीर करतात: यापुढे व्हिसाशिवाय होडीने येणारा कुणीही, निर्वासित असल्याचं सिद्ध झालं तरी, ऑस्ट्रेलियात कधीही वसवला जाणार नाही. निवडणूक सात आठवड्यांवर होती.

त्या तारखेनंतर तीन हजारांहून जास्त माणसं बेटांवर धाडली गेली. करार एका वर्षापुरता होता, पुढचं माझ्या हातात नव्हतं, असं स्पष्टीकरण रड यांनी नंतर दिलं. निवडणूक ते तरीही हरले. बोनहोफरवर लिहिणाऱ्या त्या माणसाची श्रद्धा खोटी होती असं मला वाटत नाही. म्हणूनच ही घटना मला जास्त अस्वस्थ करते. ढोंग असतं तर समजून घेणं सोपं होतं.

[दृश्य: कॅनबेरा, संसद भवन]

सप्टेंबर २०१३ मध्ये अ‍ॅबट पंतप्रधान झाले. स्थलांतर खातं गेलं स्कॉट मॉरिसन यांच्याकडे. मॉरिसन पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाचे. फेब्रुवारी २००८ मधल्या संसदेतल्या पहिल्याच भाषणात त्यांनी श्रद्धेबद्दल मोकळेपणाने सांगितलं होतं, यिर्मयाच्या ग्रंथातून वचन उद्धृत केलं होतं: पृथ्वीवर दया, न्याय आणि नीती चालवणारा परमेश्वर मी आहे. गुलामगिरीविरुद्ध झटलेले विल्बरफोर्स आणि वर्णद्वेषाशी लढलेले डेझमंड टुटू यांची नावं त्यांनी आदराने घेतली होती.

मंत्री म्हणून त्यांनी होड्या परत वळवण्याची मोहीम लष्करी शिस्तीत चालवली. समुद्रात काय घडतंय यावर बोलायला ते नकार देत. १७ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री मानूसच्या केंद्रात हिंसाचार झाला आणि एका कुर्द तरुणाला ठेचून मारण्यात आलं. तो कुंपणाबाहेर जखमी झाल्याचं मॉरिसन यांनी आधी सांगितलं. काही दिवसांनी, शनिवारी रात्री उशिरा, ते विधान दुरुस्त केलं गेलं. तो आतच मारला गेला होता, सुरक्षेसाठी ठेवलं होतं त्या जागी.

[दृश्य: क्रोनुला, मंत्र्यांच्या मतदारसंघातलं कार्यालय]

महिनाभरानंतर, मार्चमध्ये, मॉरिसन यांच्या क्रोनुला इथल्या कार्यालयात काही पाद्री आणि चर्चचे कार्यकर्ते आले. जमिनीवर बसले आणि प्रार्थना करू लागले. त्यांचा प्रश्न साधा होता: स्थानबद्ध मुलांना कधी सोडणार? तेव्हा सुमारे हजार मुलं कोंडलेली होती. कार्यालय बंद व्हायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. पोलिसांनी त्यांना अटक केली. 'लव्ह मेक्स अ वे' या नावाने ही चळवळ पुढे देशभर गेली. अ‍ॅबट यांचं कार्यालय, मजूर पक्षाचे नेते बिल शॉर्टन यांचं कार्यालय, असं कुणालाच सोडलं नाही. वयस्क नन, पेन्शनीत निघालेले पाद्री, कॅथलिक, बाप्टिस्ट, अँग्लिकन... पोलिसांच्या गाडीत चढतानाही भजनं म्हणत होते. मंत्र्यांच्या घरी असेल तेच पुस्तक त्यांच्याही हातात होतं.

[दृश्य: ब्रिस्बेन, सेंट जॉन्स कॅथेड्रल]

फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने बेटांवरच्या स्थानबद्धतेला कायदेशीर ठरवलं. उपचारांसाठी मुख्य भूमीवर आणलेल्या २६७ जणांना आता नाऊरूला परत पाठवता येणार होतं. त्यांत ३७ तान्ही मुलं होती, ऑस्ट्रेलियातच जन्मलेली. ब्रिस्बेनच्या कॅथेड्रलचे डीन पीटर कॅट यांनी जाहीर केलं की चर्चच्या आश्रयाची प्राचीन प्रथा आम्ही पुन्हा पाळू, या लोकांना आत घेऊ. या प्रथेला आजच्या कायद्यात काहीही आधार नाही, हे त्यांना माहीत होतं. पोलिसांनी दारातून आत यावं आणि वेदीसमोरून मुलं उचलावीत, अशी वेळ त्यांनी सरकारवर आणली. इतर चर्चनीही दारं उघडली. त्याच शहरातल्या बालरुग्णालयाच्या डॉक्टरांनी, राहायला योग्य जागा मिळेपर्यंत एका वर्षाच्या मुलीला घरी सोडायला नकार दिला, आणि बाहेर लोक दिवसरात्र जमून राहिले. त्या २६७ जणांतल्या बहुतेकांना परत पाठवायचं धाडस सरकारला झालं नाही.

श्रद्धा राजकारणात काय करू शकते, याचं उत्तर मला या पायऱ्यांवर जास्त दिसतं.

[दृश्य: पंतप्रधानांचं कार्यालय]

ऑगस्ट २०१८ मध्ये मॉरिसन पंतप्रधान झाले. नाऊरूतल्या मुलांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की या प्रश्नावर आपण गुडघे टेकून प्रार्थना केली आहे, रडलो आहोत. ते रडले असतील. मी त्यावर अविश्वास दाखवणार नाही. पण त्याच सुमारास त्यांच्या कार्यालयातली एक वस्तूही जगाला दिसली: होडीच्या आकाराची एक ट्रॉफी, तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं, 'मी या थांबवल्या'.

सत्ताधाऱ्याचे अश्रू आणि सामान्य भाविकाचे अश्रू सारखे नसतात. सामान्य भाविक देवाकडे मागतो, कारण त्याच्या हातात काही नसतं. पंतप्रधानांच्या हातात सही होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये, डॉक्टरांच्या शिफारशीवरून आजारी लोकांना उपचारांसाठी आणण्याचा कायदा संसदेने त्यांच्या सरकारचा विरोध मोडून मंजूर केला. जवळपास २०० जण त्यामुळे येऊ शकले. डिसेंबरमध्ये मॉरिसन सरकारने तो कायदा रद्द करवून घेतला.

[दृश्य: ऑकलंड विमानतळ]

बेटांवरच्या निर्वासितांपैकी दरवर्षी १५० जणांना घेण्याची तयारी न्यूझीलंडने २०१३ पासून दाखवली होती. ती स्वीकारली गेली मार्च २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं कुणाच्या आयुष्यातून गेली, हे सांगायला नको.

जून २०२३ मध्ये नाऊरूवरच्या जुन्या गटातले शेवटचे निर्वासित हलवले गेले. केंद्र मात्र मोडलं नाही. त्यासाठीचे करार चालू राहिले आणि सप्टेंबरमध्ये होडीने आलेल्या नव्या लोकांना तिथे नेण्यात आलं. तोवर सरकार बदललेलं होतं, मजूर पक्षाचे अँथनी अल्बानीझ पंतप्रधान होते. १९ जुलै २०१३ चा तो 'कधीही नाही' आज दोन्ही मोठ्या पक्षांचा अधिकृत शब्द आहे, आणि त्या तारखेनंतर बेटांवर पाठवलेले पण उपचारांसाठी ऑस्ट्रेलियात आणलेले शेकडो लोक सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनमध्ये तात्पुरत्या व्हिसावर राहतात. दर काही महिन्यांनी त्यांना तो नव्याने मागावा लागतो.