हिरडीतून रक्त येते, तिथेच ब्रश फिरवायचा असतो

नमस्कार. सकाळी चूळ थुंकताना बेसिनमध्ये रक्ताची छटा दिसली की अनेक जण ब्रश कडक आहे असे समजून नवा ब्रश आणतात, आणि काही जण तर जिथून रक्त येते तेवढा भाग वगळून बाकीचे दात घासू लागतात. ही दुसरी सवय हिरडीला फार महागात पडते.

याचे कारण १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून स्पष्ट झाले. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे पूर्णपणे बंद करायला सांगितले, आणि १० ते २१ दिवसांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सूज आणणारा जंतूंचा चिकट थर, ज्याला आपण प्लाक म्हणतो, तो रोजच्या रोज निघाला तर या टप्प्यावरचा आजार कोणत्याही औषधाविना पूर्ण बरा होतो. तेव्हा रक्त येणारी जागा टाळू नका. मऊ ब्रश दात आणि हिरडी यांच्या सीमेवर साधारण ४५ अंशांत तिरका टेकवा आणि जोर न देता जागच्या जागी हलवा. दोन दातांच्या फटीत ब्रशचे केस पोहोचत नाहीत, तिथे रात्री झोपण्यापूर्वी फ्लॉसचा दोरा किंवा फटी मोठ्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश वापरा.

प्लाक तसाच राहिला तर लाळेतील क्षारांमुळे तो कडक होऊन त्याचे किटण होते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवून पाहा. तिथे खडबडीत कडा लागली तर ते बहुधा किटणच, कारण लाळग्रंथींची तोंडे त्याच भागात उघडतात. किटण ब्रशने, मिठाने किंवा तुरटीने निघत नाही. त्यासाठी स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्यांकडून किटण खरवडून काढणेच, करावे लागते.

आणि इथे तो नेहमीचा आक्षेप येतो: ‘साफ केले आणि दात हलायला लागले.’ हा आक्षेप घेणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे जाणवलेले असते. मात्र दात हलतो तो दाताभोवतीचे हाड झिजल्यामुळे, आणि ते हाड स्केलिंगच्या आधीच काही वर्षे झिजत आलेले असते. किटणाच्या पुटाने शेजारशेजारचे दात एकमेकांना चिकटून राहतात आणि फटी बुजतात. ते पूट निघाले की आधीच झालेले नुकसान उघडे पडते, मुळे उघडी झाल्याने काही दिवस थंड पाणी झोंबते, आणि दोष उपचाराच्या माथी येतो.

हाड किती झिजले आहे हे पाहण्यासाठी दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच सरकवतात. ती १ ते ३ मिलिमीटर गेली तर ठीक. ४ किंवा अधिक गेली, शिवाय रक्तही आले, तर तिथे कप्पा तयार झाला आहे, आणि एक्स-रे काढावा लागतो. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच टप्पा. गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही, पण झीज थांबवता येते: आधी हिरडीखालच्या मुळांची सफाई, काही आठवड्यांनी फेरतपासणी, आणि खोल कप्पे उरले असतील तरच शस्त्रक्रिया. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी हे काम होत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची गुळणी दंतवैद्यांनी सांगितली तरच आणि तेवढेच दिवस वापरावी, कारण ती लांबली की दातांवर तपकिरी डाग पडतात.

मशेरी लावणाऱ्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार आतल्या आत वाढत असूनही हिरडी बाहेरून बरी दिसते. ‘मशेरीने दात घट्ट राहतात’ हा समज तर सोडूनच द्या. तो तंबाखूच आहे. मधुमेह असणाऱ्यांची साखर वाढलेली राहिली तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि उलट बाजूने हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी खाली येते असेही आढळले आहे. रक्तदाबाची अम्लोडिपिन किंवा फिट्सची फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या फुगू शकतात. ती गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, तेव्हाही सफाई करता येते.

मुलांमध्ये बहुधा वरवरचीच सूज असते: नवी दाढ येताना, तोंडाने श्वास घेण्याच्या सवयीने, किंवा वयात येताना. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत रात्रीचा ब्रश पालकांनीच फिरवावा, कारण तोपर्यंत मुलांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट वळत नाही. मात्र किटण फारसे दिसत नसताना वयात येणाऱ्या मुलाचे पुढचे दात किंवा पहिल्या कायमच्या दाढा हलू लागल्या, तर थांबू नका. हाड झपाट्याने झिजवणारा हा प्रकार क्वचितच दिसतो, पण एकाच कुटुंबात तो अनेकांना होऊ शकतो, म्हणून त्या मुलाच्या सख्ख्या भावंडांच्याही हिरड्या त्याच वेळी तपासून घ्याव्यात.