रानजायफळ जगतं ते झरीवर

[दृश्य: दाट सावली, चिखल, मुळांच्या कमानी]

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या नानोडे-बांबरची ही निरंकाराची राय, म्हणजे देवराई. देवाच्या धाकाने इथे पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड लागली नाही. चिखलातून वर येऊन, कमानीसारखी वळून पुन्हा चिखलात शिरलेली ही मुळं पहा. ही मुळं रानजायफळाची, शास्त्रीय नाव मिरिस्टिका मलबारिका. हे झाड मूळचं पश्चिम घाटातलं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, धोक्यातल्या जाती नोंदवणाऱ्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे.

साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. मुळांचा श्वास चालतो तो या कमानींवरच्या बारीक छिद्रांतून. म्हणून पाणी बारमाही हवं, पण कमानी बुडतील इतकं नको.

हे गणित बिघडतं ते रायीच्या बाहेर. वरच्या अंगाला झरीचं पाणी पाट काढून बागायतीकडे वळवलं, की उन्हाळ्यात चिखलाला भेगा पडतात. मोठं झाड त्यानंतरही काही वर्षं हिरवंगार दिसतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानातच येत नाही. रोपं मात्र पहिल्याच उन्हाळ्यात जळतात. खालच्या अंगाला बांध घातला तर उलटं होतं: पाणी चढतं आणि कमानी बुडतात. उतारावरचं रान काजूसाठी साफ केलं किंवा खाणीची माती मोकळी पडून राहिली, की पावसात गाळ उतरतो आणि कमानी गाडल्या जातात. देवाचा धाक कुऱ्हाडीला अडवतो. पाटाला आणि गाळाला अडवत नाही. आग तर आणखी वेगळी. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले. ओल टिकलेल्या रानात वणवा सहसा शिरत नाही, वाळलेल्या पाचोळ्यात लगेच शिरतो.

[दृश्य: उकललेलं फळ, बीवरची लाल जाळी]

ही जाळी वाळवली की तिची रामपत्री होते. धागे लांब, बारीक, काळपट तांबडे. जायपत्रीचा सुवास हिला नाही, तरी मसाल्यात ती खपते आणि जायपत्रीत भेसळीलाही जाते. रायीबाहेरच्या रानात तोडणारे फळ पिकायची वाट पाहत नाहीत, फांदीच छाटतात. नर आणि मादी झाडं वेगळी असल्यामुळे घाव पडतो तो नेमका मादी झाडांवर. आणि धनेश पक्ष्याने दूर नेऊन टाकावं असं बीच उरत नाही.

रोपं करायची तर खाली पडलेलं, पूर्ण पिकलेलं बी घ्यावं. जाळी काढून ते लगेच, सावलीत, ओल्या मातीत रुजवावं. हे बी साठवता येत नाही. सुकलं की मेलं. रोप नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, म्हणून एकेकटं न लावता घोळक्याने लावावं. जागा मात्र मे महिन्यात पाहून ठेवावी. तेव्हा जिथे पायाला चिखल लागत नाही, तिथे पावसात लावलेलं रोप पुढचा उन्हाळा काढत नाही.